एका अक्षराएवढी जागा

थोरल्या जाऊची पोरं धाकटीला 'माजी काकू' म्हणायची. तोंडावर. आणि थोरली त्यांना दटावल्यासारखं करून स्वतःच फिसकन हसायची.

"अरे, असं म्हणू नये. वाईट वाटतं तिला."

"काकूला?"

"नाही रे, केकला!"

की सगळं घर हसायचं. धाकटीचा नवरासुद्धा, जरा खाली बघून. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या माणसांना धीर देण्यात वाकबगार, पण वहिनीसमोर त्याची स्वतःचीच लिफ्ट बंद पडायची.

झालं होतं ते असं. थोरलीचं केकचं दुकान होतं, कोपऱ्यावरचं, काचेचं. धाकटी तिथे कामाला जायची. म्हणजे, "घरचंच आहे, हात लाव जरा" म्हणून जायची आणि सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत हात लावत राहायची. फुलं तिची, पानं तिची, कडेची झालर तिची. फक्त वरची अक्षरं थोरली स्वतः काढायची. "नाव मालकिणीच्या हातचं हवं," म्हणायची.

एक साहेब आले. बायकोच्या वाढदिवसाला केक हवा, वर लिहायचं, 'माझी राणी'. गर्दीचा दिवस, क्रीम उन्हानं सैल पडलेली. सैल क्रीमला थोरलीच्या दुकानात 'रडकी' म्हणत. 'घट्ट ठेव, रडेल.' हा शब्द त्या चार भिंतींतलाच, दुसऱ्या कुठल्या दुकानात कुणी म्हणत नसे. तर थोरलीनं 'मा' काढला आणि झ वर अडली. झ हे काही अक्षर नव्हे, गाठोडं आहे. वरचं पोट, खालचं पोट, शेपटी, मग जोडणी, मग काना. रडक्या क्रीममध्ये दोन्ही पोटं एकमेकांत विरघळली. तिनं बोटानं पुसलं, परत काढलं, परत विरघळलं. मग सरळ ज काढला.

"जाऊबाई, अहो, माजी झालं ते," धाकटी कुजबुजली.

"कोण बघतंय एवढं? वाचणारा समजून घेतो."

वाचणारी समजून घेणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी ती राणी स्वतः दुकानात आली, डोळे सुजलेले. 'माजी राणी', पन्नास पाहुण्यांसमोर. म्हणजे माजी कोण आणि आजी कोण? नवऱ्याला काही सांगायचंय का केकवरून?

धाकटी तिथेच उभी होती, हातात झालर काढायचा क्रीमचा कोन. थोरलीनं एक क्षणही घेतला नाही. वळली, बोट दाखवलं.

"हिनं लिहिलं. शिकाऊ आहे. आत्ताच्या आत्ता काढते हिला."

आणि काढलंसुद्धा. एप्रनसकट. राणीबाईंची वरवर समजूत पटली, वर फुकटचा केक मिळाला, त्या थोरलीच्या कायमच्या गिऱ्हाईक झाल्या. धाकटी झाली 'माजी'.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, "जाऊ दे ना. घरातलीच आहे ती."

"बाहेरची असती तर जाऊ दिलं असतं!"

"मग आता काय करणार?"

"तो ज माझा नव्हता, हे तिच्या तोंडून काढणार. चार लोकांत."

"वहिनीच्या तोंडून?" नवऱ्याला खरंच हसू आलं. "अगं, तिच्या तोंडून आजवर 'चुकलं' निघालेलं मी ऐकलं नाही. एकदा तिच्यापायी माझी पाठ मोडली होती, तेव्हासुद्धा..."

"तुमची पाठ राहू दे."

पलंगावर बसून सासू हे ऐकत होती. सासू धाकटीकडेच राहायची. दोन्ही सुना तिच्याच, त्यामुळे कुणाच्याच बाजूनं बोलायचं नाही असा तिचा नियम होता आणि तो ती दिवसातून दोनदा मोडायची. "मला यात ओढू नका," ती म्हणाली. मग चष्मा पुसत, "पण सूड घ्यायचा तर नीट घे. अर्धवट सूड म्हणजे भाजी कच्ची राहिल्यासारखं. ना खाता येत, ना टाकता."

घरचा केकचा धंदा सुरू झाला तो असा. हौस म्हणून नाही, मनातलं शल्य म्हणून. स्वयंपाकघरातला एक कोपरा तिनं मोकळा केला, जुना ओव्हन आणला, त्याचं दार लावायला नवऱ्यानं लिफ्टची एक स्प्रिंग बसवली. ते दार इतक्या जोरात लागायचं की सासू दरवेळी म्हणे, "आलं कोण?"

केक तिचा चांगलाच व्हायचा. पण अक्षर? अक्षर तिनं आयुष्यात केकवर काढलं नव्हतं. लोकांना वाटत होतं तिला अक्षर येत नाही, आणि खरी गंमत ही की खरंच येत नव्हतं. रोज दुपारी ती स्टीलची ताटं उपडी घालायची आणि त्यांच्या पाठीवर लिहायची. लिहायचं, खरवडायचं, क्रीम परत कोनात भरायची. क, ख, ग निघाले. झ निघेना. तिचा झ कधी बसलेल्या मांजरासारखा दिसे, कधी घसरून पडलेल्या माणसासारखा.

"हा काय?" सासू विचारी.

"झ."

"बिचारा."

समोरच्या इमारतीवर एक पेंटर पाटी रंगवत होता. शिडीवर उभा, तोंडात न पेटवलेली विडी, आणि अक्षरं अशी उतरत होती की जणू भिंतीतच होती, तो फक्त वरची धूळ पुसतोय. धाकटी शिडीखाली जाऊन उभी राहिली.

"काका, झ कसा काढता?"

पेंटरनं खाली बघितलं. "कुणाला लिहायचाय?"

"केकला."

"केकला झ कशाला? वाढदिवस म्हणा, मोकळे व्हा."

"नाही. झच हवा."

काका खाली उतरले. तिचा हात बघितला. "मनगट हलवता तुम्ही. मनगटानं सही होते, अक्षर नाही होत. खांद्यातनं हलवा. आणि लिहू नका, ओता. हात पुढं जाऊ दे, क्रीम मागनं येते."

त्या दिवसापासून धाकटी खांद्यातून लिहू लागली. खांदा दुखायला लागला, की शेकायची. आणि खांदा दुखताना तिला थोरलीचं ते बोट आठवायचं. मग दुखणं गोड वाटायचं. ताटाच्या पाठीवर झ एकदाचा उभा राहिला. दोन पोटं, शेपटी, ताठ काना. सासूनं चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "हं. आता हा घरचा वाटतोय."

मग तिला एक खूळ सुचलं. लोक केकवर एकसारखं लिहून घेतात आणि बोलतात मात्र वेगळंच. मग बोलतात तेच का लिहू नये? पहिला तसा केक तिनं शेजारणीला दिला. त्या बाईचा नवऱ्याशी महिनाभर अबोला होता. केकवर लिहिलं, 'बरं, मीच बोलते. पण चूक तुझीच होती.' नवरा हसला, अबोला फुटला, शेजारीण बाल्कनीतून सगळ्या इमारतीला सांगत सुटली. मग निवृत्त होणाऱ्या बँकवाल्याला सहकाऱ्यांनी दिला, 'सुटलात! आम्हालाही बोलवा.' नापास झालेल्या भाच्याला मावशीनं दिला, 'पुढच्या वेळी. आत्ता खा.' लोक म्हणायला लागले, बोलके केक. फोन वाजायला लागला. ओव्हनचं दार आपटायला लागलं.

थोरलीच्या कानावर गेलंच. "माजी तर होतीच," ती कुठल्याशा बारशाच्या जेवणात म्हणाली, "आता माजलीय पण."

धाकटीनं ते ऐकलं. घरी येऊन तिनं उपड्या ताटावर एका दमात वीस झ काढले.

आणि मग एका सकाळी फोन आला. आवाज कोवळा, पाठ केल्यासारखा.

"ताई, केक हवा होता. लग्नाला पंचवीस वर्षं झालीत. वर लिहायचं, 'पंचवीस वर्षांनीही माझी राणी'. माणूस येईल न्यायला."

"कुणाकडून बोलताय?"

"मी... हौस म्हणून घेतेय. आणि ताई, क्रीम घट्ट ठेवा हं. नाहीतर रडेल."

धाकटीच्या हातातला चमचा थांबला. रडेल.

फोन ठेवल्यावर तिनं सगळं जुळवलं. आवाज थोरलीच्या गल्ल्यावरच्या मुलीचा. राणीवाले साहेब थोरलीचे गिऱ्हाईक. त्यांना आता बोलका केक हवाय, थोरलीला झ जमत नाही, म्हणून चोरून इथून न्यायचा आणि 'मी केलाय' म्हणून मिरवायचं.

"आई!" ती सासूपुढे जाऊन उभी राहिली. "आली ती माझ्या हातात!"

"माजी लिही," नवरा एकदम म्हणाला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला होता. "लिही सरळ माजी. फजिती होऊ दे."

"छे. मग लोक म्हणतील, परत हिनंच केलं. त्या राणीबाईला परत रडवू? तिचं काय चुकलं?"

"मग?"

"मग एक अक्षर लिहिणारच नाही. एकच."

थोरलीची एक सवय धाकटीला पाठ होती. मोठ्या गिऱ्हाइकाकडे ती केक स्वतः घेऊन जायची आणि डबा पाहुण्यांसमोरच उघडायची, जादूगारासारखा, एका झटक्यात.

केक सुंदर झाला. धाकटीनं आजवर केला नव्हता इतका. पाकळ्या अशा की हात लावायची भीती वाटावी. वर रेखीव अक्षरांत 'पंचवीस वर्षांनीही मा', मग एका अक्षराएवढी गुळगुळीत मोकळी जागा, मग 'राणी'. शिरोरेषासुद्धा तेवढीच तोडलेली. डबा तिनं चिकटपट्टीनं बंद केला आणि न्यायला आलेल्या माणसाला बजावलं, "पाहुण्यांसमोरच उघडायचं. वाटेत उघडलंत तर क्रीम रडेल, म्हणावं."

"हॉलवरच चाललोय, बाई."

"कुठल्या?"

त्यानं सांगितलं. धाकटीनं कोन भरला, बरोबर घेतला. सासू ठेवणीतले कपडे घालून दारात तयार.

"तुम्ही कुठे?"

"मी कुणाच्याच बाजूनं नाही," सासू म्हणाली. "मला फक्त बसायला पुढची खुर्ची हवी."

हॉलमध्ये साहेब होते, राणीबाई होत्या, पाहुण्यांची दाटी होती. थोरली मधोमध. "मी स्वतः लिहिलंय हं, माझ्या हातानं," असं म्हणत तिनं डबा उघडला.

साहेबांनी मोठ्यानं वाचलं. "पंचवीस वर्षांनीही मा... मा... राणी?"

कुणीतरी हसलं. राणीबाईंचा चेहरा बदलला.

"वाटेत गळालं वाटतं अक्षर," थोरली म्हणाली.

"गळालं? मग डब्यात पडलं असेल ना," राणीबाई डब्यात डोकावल्या. "इथे तर नाही."

"माझ्याकडे आहे," धाकटी पुढे झाली आणि कोन थोरलीसमोर धरला. "घ्या, जाऊबाई. तुमच्या हातचं आहे ना? एवढं एकच राहिलंय."

थोरली एक पाऊल मागे सरकली.

"लिहा ना," राणीबाई म्हणाल्या. "आम्हालाही बघू दे."

थोरलीनं कोन घेतला. पहिलं पोट आलं. दुसरं त्याच्यावर बसलं. बोटानं पुसलं. परत काढलं, परत बसलं. सगळा हॉल तिच्या मनगटाकडे बघत होता. आणि मग सवयीनं, न कळत, तिचा हात झरकन फिरला आणि तिथे एक स्वच्छ, गोल ज उमटला.

"परत ज?" राणीबाई म्हणाल्या. आणि मग हळू, "परत...?" त्यांनी थोरलीकडे बघितलं, धाकटीकडे बघितलं. "म्हणजे मागच्या वेळी..."

"मागच्या वेळी ही होती तिथे..." थोरलीनं बोट उचललं.

"होते ना," धाकटी म्हणाली. "पण कोन कुणाच्या हातात होता? सांगा."

थोरलीनं पुढच्या खुर्चीकडे बघितलं. "आई..."

"माझ्याकडे काय बघतेस?" सासू म्हणाली. "मी केक खायला आलेय."

"मीच लिहिला होता," थोरली पुटपुटली.

"ऐकू नाही आलं मागे," मागून कुणीतरी ओरडलं.

"मीच लिहिला होता तो ज! हिनं नाही! झालं?"

राणीबाई नवऱ्याकडे वळल्या. "आणि मी तुमचा मोबाइल तपासत होते वर्षभर!"

"मी सांगत होतो!" साहेब ओरडले. "मी ओरडून ओरडून सांगत होतो!"

हॉल हास्यानं फुटला. धाकटीनं सुरीनं ज अलगद उचलला, जागा गुळगुळीत केली आणि खांद्यातून, एका श्वासात, 'झी' ओतला. टाळ्या पडल्या. तिथल्या तिथे पाहुण्यांपैकी दोघींनी तिचा नंबर मागितला. तिनं तो सावकाश, एकेक आकडा सुटा करून सांगितला, थोरलीला नीट ऐकू जाईल असा.

"घरातल्या माणसाची अशी अब्रू काढतात?" थोरली दातांतून म्हणाली.

"शिकाऊ आहे हो मी," धाकटी म्हणाली. "बघून बघूनच शिकले."

मनात कुठे वाईट वाटतंय का, हे तिनं चाचपून बघितलं. नव्हतं वाटत. उलट इतकं हलकं वाटत होतं की तिला भूक लागली.

केक कापला गेला. कापायची सुरी, मालकीण म्हणून, थोरलीच्याच हातात आली. तुकडे करून करून ती वाटत होती, मान खाली. धाकटीची पाळी आली तेव्हा तिनं न बघताच प्लेट पुढे केली. धाकटीनं ती घेतली, तिच्यासमोरच उभं राहून, कडेच्या पाकळीपासून तळाच्या स्पंजपर्यंत चवीनं संपवली. बोटं चाटली. आणि रिकामी प्लेट परत तिच्यासमोर धरली.

"अजून एक द्या, जाऊबाई. मोठा."