शनिवारचा बॅकअप आणि लांजेवार

भुताखेतांच्या गोष्टी मला आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. भीती वाटते म्हणून नाही... कंटाळा येतो. धरमपेठेतल्या आमच्या घरात असल्या गप्पा निघाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जायची. या सदरात लोक जे लिहितात त्यातलं निम्मं मला थाप वाटतं आणि उरलेलं अपचन. तरीही लिहितेय. कारण मी जे पाहिलं त्याची मला भीती कधीच वाटली नाही, शिसारी आली. ती अजून गेलेली नाही.

ऐंशीच्या दशकाचा शेवट असेल. रामदासपेठेत एका औषधाच्या दुकानावर, वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. कोळसा वाहणारी खासगी कंपनी. काचेच्या खोलीत एक मोठं मशीन, त्याला जोडलेले काही टर्मिनल आणि शहरात तेव्हा फार थोड्या ऑफिसांत असलेला एसी. मशीनला धूळ लागू नये म्हणून चपला-बूट बाहेर काढायचे. म्हणजे आत सगळ्यांच्या मोज्यांचा वास! त्यात आमचे मॅनेजरसाहेब (नाव घेत नाही, तोंड खराब होतं) गालात तंबाखूचा खर्रा धरून यायचे आणि एसीच्या मागच्या कोपऱ्यात थुंकायचे. तो कोपरा मी कधी नीट पाहिला नाही. पाहिला असता तर त्या दिवशी जेवले नसते.

मशीन माझ्या ताब्यात होतं. कन्हानच्या डेपोतून फोन यायचे — कुठला ट्रक निघाला, कुठला बंद पडला. ते निरोप ऐकून टर्मिनलवर टाइप करायचं काम धनराज लांजेवारचं. सगळे निरोप एकाच मोठ्या फाईलमध्ये जमायचे आणि ज्याचा त्याला आपल्या टर्मिनलवर वाचता यायचा. लांजेवार राहायचा कन्हानलाच. शांत माणूस. कित्येक वर्षं रोजंदारीवर होता, पर्मनंट काही झाला नाही.

दर शनिवारी दुपारी ऑफिस सुटलं की मी सगळ्या फायलींची टेपवर नक्कल काढायची. बॅकअप. त्याचा एक नियम होता. कोणी एखादी फाईल उघडून बसलं असेल तर प्रोग्रॅम तिला वगळून पुढे जायचा आणि पडद्यावर लिहायचा — फाईल बिझी, स्किप्ड. म्हणून मी आधी ओरडत फिरायची, "उठा रे सगळे, बाहेर पडा!"

लांजेवार काविळीने गेला. काही कळायच्या आत गेला. मागे बायको सुशीला आणि दोन लहान मुली.

त्याच्या दहाव्याला ऑफिसातले पुरुष कन्हानच्या घाटावर गेले होते. तिथं काय झालं ते मला अकाउंटच्या टेंभुर्णेकाकांनी सांगितलं. पिंड मांडला, पण कावळा शिवेना. झाडावर बसलेत, पण खाली येत नाहीत. घरच्यांनी सगळं कबूल करून पाहिलं... मुलींना शिकवू, लग्नं करून देऊ, तरी नाही. शेवटी काकांनीच साहेबांना पुढे केलं. साहेबांनी हात जोडले आणि म्हणाले, "लांजेवार, तुझ्या जागेवर तुझ्या बायकोले घेतो. पक्कं." कावळा लगेच उतरला.

कावळ्यांचं मला विशेष वाटलं नाही. भूक लागली की उतरतात. पण सुशीलाबाई थोडं टायपिंग शिकलेल्या होत्या, त्यांना खरंच नोकरी मिळणार म्हणून बरं वाटलं. दोन मुली घेऊन बाई कुठे जाणार?

सोमवारी लांजेवारच्या खुर्चीत साहेबांचा साळा येऊन बसला!

त्याच शनिवारी निरोपांची फाईल पहिल्यांदा वगळली गेली. मला वाटलं, साळेबुवा तसेच उठून गेले असतील. पण मशीनवर कोण कोण आहे ते पाहिलं तर एकच नाव — लांजेवार. आणि त्याचं टर्मिनल बंद होतं.

घाबरायचं कशाला? असं होतं. माणूस उठून जातो, मशीनला कळत नाही. मी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं. नाव परत आलं. टर्मिनलची वायर काढली. त्याचं खातंच पुसून टाकलं. तरी नाव तिथंच, फाईल बिझी. दुसऱ्या नावाने नक्कल काढली तर ती रिकामी निघाली. मुंबईहून इंजिनियर आला, त्याने प्रोग्रॅम नव्याने बसवला, डोकं खाजवलं आणि जाताना वेगळंच भ्याव घालून गेला. डिस्कचा आवाज बरा नाही म्हणाला, कधीही जाईल. म्हणजे ती फाईल टेपवर नसेल तर कंपनीचे सगळे निरोप गेलेच समजा.

साहेबांना घाम फुटला. टेंभुर्णेकाका मला हळूच म्हणाले, "ताई, तुमाले पटनार नाही. पन कावळा शिवून नाही राहिला. साहेबानं शब्द कुठं पाळला?"

"काका, हे मशीन आहे," मी म्हटलं.

"मशीन आहे. पन खुर्ची त्याची आहे न."

साहेबांना हे लगेच पटलं. मला आधी त्याचीच किळस आली... माणुसकी पटली नाही, हे पटलं! त्यांनी बाहेर जाऊन चूळ भरली, बंद टर्मिनलसमोर उभे राहिले, हात जोडले. "लांजेवार, चुकलो गा. सोमवारपासून तुझ्या बायकोले घेतो. सोड आता."

मी मशीनच्या पडद्याकडे पाहत होते. त्यावरचं नाव गेलं. टेप फिरायला लागली आणि निरोपांची फाईल पूर्ण उतरली.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. म्हटलं, कसं का होईना, त्या बाईचं काम झालं. सोमवारी मी मुद्दाम लवकर गेले. खुर्चीत साळा! पाय टेबलावर.

घाटावरचा शब्द धरून सुशीलाबाई जिन्यातल्या बाकावर येऊन बसल्या होत्या. साहेबांनी त्यांना शिपायाकडून निरोप दिला, "पुढच्या हप्त्यात या."

पुढच्या शनिवारी फाईल पुन्हा बिझी. साहेब आले, हात जोडले, तेच बोलले. फाईल सुटली. त्याच्या पुढच्या शनिवारीही तेच. मग त्याची सवयच झाली हो! "बॅकअप लावला का, मॅडम? थांबा, बोलून येतो." चूळ भरणं बंद झालं. गालात खर्रा तसाच, एक हात खिशात. "घेतो रे तुझ्या बायकोले, घेतो." लघवीला जाऊन यावं तसं जाऊन यायचे. आणि दर वेळी, अगदी दर वेळी, नाव जायचं.

एका शनिवारी मला राहवलं नाही. साहेब बोलून गेल्यावर मी त्या काळ्या पडद्यासमोर उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, "लांजेवार, हा माणूस तुम्हाला फसवतोय. सोडू नका फाईल." विज्ञान शिकलेली बाई!... पण काय फरक पडला? टेप फिरतच राहिली. माझ्यापेक्षा त्याला साहेबच खरा वाटला.

शेवटी मी जिन्यात सुशीलाबाईंच्या शेजारी बसले आणि सगळं सांगितलं. वाटलं, रडतील, नाहीतर मला वेडी ठरवतील. त्या म्हणाल्या, "जिवंत होते तेव्हाही असंच होतं ताई. साहेब म्हणे, पुढच्या महिन्यात पर्मनंट करतो. की हे संत्रा बर्फीचा पुडा घेऊन घरी! दर वेळी. मी म्हणो, काहून इश्वास ठेवता जी त्या मानसावर? तर म्हणत, अवं, साहेब सोता बोलले न."

साहेबांची तर होतीच, पण खरं सांगते, त्या क्षणी लांजेवारचीही शिसारी आली. मेल्यावर तरी शहाणं व्हावं की नाही माणसाने?

पुढच्या शनिवारी साहेब एका लग्नाला अमरावतीला जाणार होते. मला म्हणाले, "तुमीच बोला माझ्या नावानं." मी हो म्हटलं आणि सुशीलाबाईंना बोलावून घेतलं.

ऑफिस रिकामं झालं. पडद्यावर नाव होतंच. बाईंनी चपला काढल्या, आत आल्या आणि लांजेवारच्या खुर्चीपाशी थांबल्या. मला वाटलं, आता त्याला चांगलं सुनावतील. त्या खुर्चीत बसल्या. पदर सारखा केला, कीबोर्डवर दोन्ही हात ठेवले.

"लागली जी मले नोकरी," त्या म्हणाल्या. "पाहा, तुमच्याच खुर्चीवर बसून राहिली मी. साहेबानं शब्द ठेवला. पोरीबी मजेत आहेत. आता जा तुमी... थकले असान."

नाव गेलं. टेप सुरू झाली. बाई उठल्या, पदराने खुर्ची पुसली आणि मला म्हणाल्या, "येते ताई." एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

त्यानंतर ती फाईल कधी वगळली गेली नाही. कोणी बोललं नाही तरी. मी तारा तपासल्या, प्रोग्रॅम ओळीओळीने वाचला, नंतर कितीतरी मशीनं हाताळली. कारण मला सापडलं नाही, आणि आता सापडेल असं वाटतही नाही.

अमरावतीहून परतल्यावर साहेबांनी विचारलं, "झाला काय बॅकअप?" मी झाला म्हटलं. पुढच्या शनिवारीही फाईल आपोआप उतरली तेव्हा ते खूश झाले. "पाहा! मिटलं न शेवटी!" म्हणाले, कोपऱ्यात थुंकले आणि शिपायाला हाक मारून सांगितलं, "आता त्या बाईले जिना चढू देऊ नको."