सुनंदाची घंटा

पोट साफ न होणारी माणसं एका व्हरांड्यात बसवा. पोटात साचलेलं राहू द्या, किस्से मात्र रोज साचतात! आमच्या बुऱ्हाणपूरच्या निसर्गोपचार केंद्रात मी आणि माझी धाकटी जाऊ सुनंदा सोबतच भरती झालो. दोघींचा रोग एकच, वर्षानुवर्षांचा. कोमट पाण्याचा एनिमा, टबात बसून कटिस्नान, पोटावर ओली पट्टी. आणि व्हरांड्यात एक पितळी घंटा! ज्याचं पोट साफ झालं त्याने येऊन ती वाजवायची, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. डॉक्टरीणबाई म्हणायच्या, "इथे लाजायचं नाही!"

दुसऱ्याच दिवशी सुनंदाने घंटा वाजवली.

मी टाळ्या वाजवल्या. काय करणार! लग्न होऊन माझ्यामागून आली, पण मुलगा आधी तिला, स्कूटी आधी तिला. आता हेही आधी तिचंच? माझा नुसता जळफळाट झाला, खरं सांगते.

*

देडतलाईचे एक केळीच्या बागेवाले काका होते. एनिमाचा भरलेला डबा वर टांगलेला पाहून घाबरले.

सिस्टर म्हणाली, "काका, टेन्शन मत लो. ढीला छोडो, पाणी आपोआप जाईल."

"पोरी, इतकं पाणी एकदम सोडतात काय? मुळ्या सडतील ना! ठिबक लाव, ठिबक!"

सिस्टरने हसत हसत नळीचा चिमटा आवळला आणि हळूहळू पाणी सोडलं. थोड्या वेळाने काकांनी घंटा वाजवली की हो! दुसऱ्या दिवशी मीही म्हटलं, "मलाही ठिबकच लावा." माझ्या शेतात तेही चाललं नाही. आणि सुनंदाची घंटा त्या दिवशीही वाजली.

*

कपड्याच्या दुकानाचे एक शेठ घरी 'ओंकारेश्वरला जातो' सांगून आले होते. एनिमाला जातो म्हणून कोण सांगेल! एकदा टबात बसलेले असताना मेव्हण्याचा फोन आला. शेठ बोलतायत तोच बाहेर टण टण टण! अर्थात सुनंदाच!

मेव्हणा म्हणाला, "वा जिजाजी, आरती चालू आहे वाटतं! माझाही नमस्कार घाला."

शेठनी टबातूनच हात जोडले म्हणे!

त्यांनीच येऊन सांगितलं, तेव्हा सगळे पोट धरधरून हसले. मला कुठलं हसू येतंय? माझं लक्ष त्या मेल्या घंटेकडे.

*

रविवारी घरची माणसं भेटायला आली. माझे दीर सुनंदासाठी मावा जिलेबी घेऊन आले. का, तर बायको रोज घंटा वाजवते! डॉक्टरीणबाईंनी डबा तिथल्या तिथे जप्त केला, तेव्हा कुठे माझ्या जिवाला थंडक पडली.

पण आमचे हे काय म्हणाले माहितीये? "तुझं झालं की तुलाही आणतो."

"अहो, तिला बक्षीस आणि मला अट?"

*

मग मी सुनंदावर नजर ठेवली. ती तांब्याभर कोमट पाणी प्यायची, मीही प्यायले. ती अंगणात चकरा मारायची, मी तिच्या मागे. तिने पोट चोळलं की मीही चोळायची. ती आत जायची, जरा वेळाने बाहेर येऊन घंटा वाजवायची. मी आत जायची आणि तशीच परत यायची. उद्या सुट्टी होणार होती. सासूबाई दारातच विचारणार, "सुनंदाचं तर झालं, तुझं काय?" त्या विचारानेच माझं पोट आणखी घट्ट झालं.

*

शेवटच्या दिवशी सकाळी कटिस्नान करून उठले आणि... अगं बाई गं! काय सांगू! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ओला पदर तसाच खोचून धावत आले आणि घंटा अशी बडवली की स्वयंपाकीण झारा घेऊन बाहेर आली. काकांनी शिट्टी मारली. शेठ उभे राहून टाळ्या वाजवत होते.

टाळ्या वाजवल्या नाहीत त्या फक्त सुनंदाने. मी मनात म्हटलं, आता कशी जळतेय बघ! तेवढ्यात तिने माझा हात धरला आणि मला जिन्याखाली ओढत नेलं. डोळे डबडबलेले.

"ताई, तुमचं खरंखुरं झालं?" ती हळूच म्हणाली. "कसं केलं, मलाही सांगा ना! आज घरी जायचंय हो!"