थोरल्या जाऊबाईंच्या तीन ताटल्या

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. इंग्रजीची शिकवणी घेणाऱ्या बाईला शांत राहून चालत नाही, असं मी लोकांना सांगते खरं, पण राग माझ्या नाकावर जन्मापासूनच बसलेला आहे. सातपूरला आमच्या घराच्या पुढच्या खोलीत संध्याकाळी माझ्या दोन बॅचेस असतात, दहावीची आणि बारावीची. माझा आवाज म्हणे कोपऱ्यावरच्या बस स्टॉपपर्यंत जातो. अशा माझ्यापुढे एक दिवस माझ्या थोरल्या जाऊबाई वही घेऊन बसल्या, तेव्हा माझीच पंचाईत झाली. थोरल्या जावेवर ओरडायचं कसं?

त्यांना मी ताई म्हणते. वय बेचाळीस, माहेर घोटीकडचं. दहावी झाली आणि लगेच लग्न झालं. गेली अकरा वर्षं त्या एमआयडीसीतल्या एका कंपनीत चेकिंगला आहेत. गाड्यांच्या ब्रेकमध्ये बसणारे बोटभर लोखंडी पार्ट त्यांच्या टेबलावर येतात. ताई एकेक पार्ट हातात फिरवून बघतात, माप घेतात आणि पास की नापास ते ठरवतात. त्या वर्षी कंपनीनं नवा नियम काढला. चेकिंगच्या टेबलावर यापुढे फक्त बारावी पास, बाकीच्यांनी पुढच्या जूनपासून पॅकिंगला जायचं. पगार तोच राहणार होता. मी म्हटलं, मग जा की पॅकिंगला, डोळ्यांना तेवढाच आराम.

"पॅकिंगला हात चालतात गं, डोकं झोपतं," ताई म्हणाल्या. "मला बघायचं काम पायजे. अकरा वर्षं माझ्या नजरेवर माल गेला. आता एका कागदापायी खोके चिकटवत बसू?"

त्यांनी बाहेरून बारावीला बसण्यासाठी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाकीचे विषय मराठीतून होते, ते त्यांनी कंपनीच्या बसमध्ये येता-जाता वाचून काढले. धास्ती फक्त इंग्रजीची होती. पहिली शिफ्ट साडेतीनला सुटली की घरी येऊन त्या हातपाय धुवायच्या, चहा घ्यायच्या आणि चार वाजता माझ्यासमोर हजर. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. माझ्या बॅचच्या पोरांना घड्याळ म्हणजे काय ते माहीत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगते.

पहिल्या दिवशी मी नेहमीप्रमाणे शब्दांच्या जातींपासून सुरुवात केली. नाऊन, प्रोनाऊन, व्हर्ब, अॅडजेक्टिव्ह. पाचव्या मिनिटाला ताईंनी हात वर केला.

"थांब. नाऊन म्हणजे टेबलावर आलेला जॉब. व्हर्ब म्हणजे त्या जॉबवर मशीननं काय केलं ते. अॅडजेक्टिव्ह म्हणजे ड्रॉइंगवर लिहिलेलं असतं ते, केवढा, कसा, किती गुळगुळीत. बरोबर?"

"आणि प्रोनाऊन?"

त्यांनी जरा विचार केला. "बदली कामगार. ज्याच्या जागी आला त्याचंच काम करतो."

अगं बाई! पंधरा वर्षं मी शिकवतेय, पण सर्वनाम इतकं सोपं करून मला कधी सांगता आलं नव्हतं. त्याच संध्याकाळी मी बॅचला हे उदाहरण दिलं. पोरं खूश झाली. उदाहरण कुणाचं ते मात्र मी सांगितलं नाही.

शब्द पाठ करण्याची ताईंची रीतही कंपनीतलीच, पास माल हिरव्या ट्रेत, शंकेचा पिवळ्या आणि नापास लाल. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या त्यांनी चिठ्ठ्या कापल्या. एका बाजूला इंग्रजी शब्द, मागे अर्थ. बाजारातून प्लॅस्टिकच्या तीन ताटल्या आणल्या, हिरवी, पिवळी आणि लाल. नवा शब्द लाल ताटलीत. अडखळत आला की पिवळ्या. लागोपाठ तीन दिवस न चुकता आला, तरच हिरव्या. चौथ्या दिवशी चुकला तर पुन्हा सरळ लाल. पोळ्या लाटताना ताटल्या ओट्यावर मांडलेल्या असायच्या आणि पिठाच्या हातानं चिठ्ठ्या इकडून तिकडे जायच्या. सासूबाईंना कोथिंबीर निवडायला नेमकी लाल ताटली हवी असायची. "इंग्रजी खाली ठेव आणि ताटली दे," असं त्या म्हणायच्या.

पुढे कवितेचा भाग आला आणि ताईंना अलंकारांचं वेडच लागलं. कुकरनं जोरात शिट्टी दिली की म्हणायच्या, "रागावला बघ. पर्सोनिफिकेशन." एकदा मी बॅचवर खेकसून आत आले, तर त्या भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "तू म्हणजे फटाका हायेस. मेटाफर. फटाक्यासारखी म्हटलं असतं तर सिमिली झाली असती." थोरल्या जावेला काय बोलणार! हसून पाणी पिऊन घेतलं.

परीक्षेला दोन महिने उरले तेव्हा एका रविवारी मी त्यांना घरीच पूर्ण पेपर सोडवायला बसवलं. तीन तास घड्याळ लावून. पेपर तपासायला घेतला आणि माझं डोकं फिरलं. मार्क पडले सत्तावीस. लिहिलेलं जवळजवळ सगळं बरोबर, पण पानंच्या पानं कोरी! ज्या गोष्टी आदल्या आठवड्यात त्यांनी मला तोंडी सांगितल्या होत्या, त्यासुद्धा सोडलेल्या. मग मात्र जाऊबिऊ सगळं विसरून मी ओरडले.

"ताई, हे काय आहे? हे येतं तुम्हाला! का नाही लिहिलं?"

"डाउट होता."

"मग काय झालं? चुकलं तरी मार्क कापत नाहीत!"

"कापत नाय म्हणून खोटं पास करायचं?"

आता बोला! मी कपाळावर हात मारला. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. कामाला लागल्या त्या वर्षी सुपरवायझरनं घाई केली म्हणून एक शंकेचा पार्ट त्यांनी पुढे जाऊ दिला होता. पूर्ण माल परत आला. कुणाला काही झालं नाही, पण गाडीत बसला असता तर, या विचारानं आठ दिवस त्यांच्या तोंडात घास फिरत राहिला. "तवापासून डाउट आला की माझा हात थांबतो," त्या म्हणाल्या. "आपोआप थांबतो गं. मी थांबवत नाय."

माझा राग कुठल्या कुठे गेला. त्याच्या जागी आली ती लाज. येत नसलं तरी काहीतरी खरडून या, तपासणारा अर्धा मार्क तरी देतोच, हे मी दर वर्षी प्रत्येक बॅचला छाती पुढे काढून सांगत आले होते. ही बाई समोर बसून मला विचारत होती की न येणारं येतं म्हणून कसं लिहायचं.

तरी मी हट्ट सोडला नाही. त्यांचं टेबल जाणार होतं ना! "ताई, निदान एका ठिकाणी तरी अंदाजानं लिहा. माझी शपथ आहे." त्यांनी कोऱ्या सोडलेल्या एकेका प्रश्नाची चिठ्ठी केली आणि सगळ्या लाल ताटलीत टाकल्या. दोन महिन्यांत त्यातल्या बहुतेक हिरव्या ताटलीत आल्या. एवढ्या वर्षांत इतकं खरं शिकताना मी दुसऱ्या कुणाला बघितलेलं नाही.

पेपरच्या दिवशी मी केंद्राच्या फाटकाशी उभी होते. ताई बाहेर आल्या त्या पडलेल्या चेहऱ्यानं.

"एका ठिकाणी लबाडी केली," त्या म्हणाल्या. "तुझ्या शपथेपायी. बाकी डाउट आला तिथं कोरंच सोडलं."

एक ओळ देऊन अलंकार ओळखायचा प्रश्न होता. डोंगर धुक्याची गोधडी पांघरून झोपलेत, अशा काहीशा अर्थाची ओळ. गोधडी धरून मेटाफर लिहायचं की झोप धरून पर्सोनिफिकेशन, हे त्यांना कळेना. शेवटी पर्सोनिफिकेशन लिहून टाकलं, आणि डोंगर माणसासारखे झोपलेत असं कारणही दिलं.

"अहो, बरोबर आहे की!" मी रस्त्यातच ओरडले.

"असेल. पण मला माहीत नव्हतं."

मे महिन्यात दुपारी निकाल लागला. मी मोबाइलवर नंबर टाकला. वेबसाइट काही केल्या उघडेना, मग एकदम उघडली. बाकीच्या विषयांत छान मार्क होते. इंग्रजीत पस्तीस. काठावर, पण पास! मला रडूच कोसळलं. ताईंना मिठी मारून मी लहान पोरीसारखी रडले. सासूबाई म्हणाल्या, "घोडं गंगेत न्हालं एकदाचं," आणि त्यांनी ताईंच्या तोंडात साखर घातली. थोरले दीर पेढे आणायला पळाले. टेबल वाचलं होतं.

पेढे वाटून झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की ताई मोबाइल घेऊन केव्हाच्या पुढच्या खोलीत जाऊन बसल्या आहेत. त्यांचा पेढा तसाच हातात होता.

"बरोब्बर पस्तीस," त्या म्हणाल्या. "ती डोंगराची ओळ सोडली असती तर मी नापास होते."

"पण सोडली नाहीत ना! झालं आता, ताई. निकाल लागला. कोण विचारणार आहे तुम्हाला?"

"जूनपासून कंपनीत माझ्या नावापुढं बारावी पास लागणार. तिथं सगळे माझ्या सहीवर भरवसा ठेवतात."

त्यांनी पेढा वाटीत ठेवला, बोटं पदराला पुसली आणि वही उघडून माझ्यापुढे सरकवली.

"बस इथं. गोधडी कधी धरायची आणि झोप कधी, ते नीट समजावून सांग," ताई म्हणाल्या. "बोर्डानं पास केलं. आता तू कर."