शुक्रवार वगळून

अमेरिकेची राज्यघटना आमच्या घरात आली ती चहाच्या पातेल्यातून. मुलगी बारावीत होती, सौदीतल्या जुबैलच्या इंडियन स्कूलमध्ये. शाळेच्या प्रदर्शनात तिच्या वाट्याला अमेरिका आली होती, आणि जुने दस्तऐवज जुने दिसायला हवेत म्हणून मी बिनदुधाचा कडक चहा उकळून त्यात कागद बुडवत होते. मॅग्ना कार्टा, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, राज्यघटना आणि नागरिकांच्या हक्कांची सनद, असा सगळा ऐवज कपड्यांच्या स्टँडवर नवऱ्याच्या बनियनशेजारी वाळत पडला. त्यातली हक्कांची सनद वाऱ्याने उडाली आणि शेजारच्यांच्या एसीच्या पेटीवर जाऊन बसली. ती काढायला कंपाउंडच्या, म्हणजे आमच्या वसाहतीच्या, ऑफिसची परवानगी घ्यावी लागली.

तेव्हापासून घरात उठता-बसता स्वातंत्र्य सुरू झालं. इंग्लंडच्या एका राजाला त्याच्याच सरदारांनी नदीकाठच्या कुरणात गाठून त्याच्याकडून लिहून घेतलं, की राजासुद्धा कायद्याच्या वर नाही, ही गोष्ट मुलीने आम्हाला जेवताना ऐकवली. मी आमटी वाढत ऐकत होते. मी आणि मुलगी नवऱ्याच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर, नवरा त्याला इथे आणणाऱ्या कफिलाच्या मर्जीवर, आणि कफील कोणाच्या मर्जीवर हे विचारायची पद्धत नाही. अशा घरात मॅग्ना कार्टा जरा जपूनच वाचावा लागतो.

पण मुलीचं भांडण सरकारशी नव्हतं, बापाशी होतं. तिला पुण्याला जाऊन कायदा शिकायचा होता. नवऱ्याने तिचं केमिकल इंजिनिअरिंग तिच्या बारशालाच ठरवून टाकलं होतं, कारण तो स्वतः केमिकल इंजिनिअर आणि त्याच्या मते जगात दुसरा धंदा नाही.

"वकील होऊन काय करणार? लोकांशी भांडणार?"

"आत्ता काय करतेय मग?" मी म्हटलं.

"खलास," तो म्हणाला. इथे येऊन अरबी तो एवढंच शिकला. ड्रायव्हरला थांबवायलाही खलास आणि घरातला विषय संपवायलाही खलास. तो शब्द म्हणजेच त्याची राज्यघटना, एका शब्दाची, दुरुस्तीची तरतूद नसलेली.

मग एका शुक्रवारी सकाळी फ्रिजवर चहात बुडवलेला नवा कागद लागला. अमेरिकनांच्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची जंत्री आहे म्हणे. हिनेही तशीच केली होती. बाबांनी एसीचा रिमोट बेकायदा ताब्यात ठेवला आहे. बाबांनी पाहुण्यांसमोर मला पाढे म्हणायला लावले आहेत. बाबांनी कोणालाही न विचारता माझं भविष्य ठरवलं आहे.

मला वाटलं, आता घरात आग लागणार. नवऱ्याने उभ्या उभ्या सगळं वाचलं, खिशातलं लाल पेन काढलं आणि विचारलं, "रेव्हिजन नंबर कुठाय?"

त्याचं आयुष्य दुसऱ्यांची ड्रॉइंग्ज तपासण्यात गेलंय. हाती कागद आला की लाल पेन निघणारच. लग्नपत्रिकासुद्धा सुटत नाही. रेव्हिजन नंबर नसेल तर त्याच्या लेखी तो कागदच नाही, मग आत काहीही असो. पहिल्याच आवृत्तीवर शून्य घालायचं, आणि त्या शून्यातून तिरपी रेघ मारायची, म्हणजे ते कोणी इंग्रजी ओ वाचत नाही. ही रेघ तो किराण्याच्या हिशोबातही मारतो. तक्रारींना त्याने उत्तर दिलंच नाही, पण मजकूर मोघम आहे, शीर्षक चुकलंय, सही कोण करणार ते लिहिलेलं नाही, असे शेरे मारून कागद परत केला.

मुलगी चिडेल असं मला वाटलं होतं. तिने सुधारून आणला. त्याने पुन्हा शेरे मारले. असं करत करत दोघांनी मिळून घराची घटनाच लिहायला घेतली. पुढचे कितीतरी शुक्रवार बुरैदाचे खजूर मध्ये ठेवून बापलेक डायनिंग टेबलावर अमेरिका उघडून बसायचे. वर्षभरात दोघं एकमेकांशी एवढं बोलले नव्हते. मला बरं वाटायचं आणि रागही यायचा, कारण चहा दर तासाला लागायचा.

"आणि यात मी कोण?" मी एकदा विचारलं.

"आई, यू आर द पीपल," मुलगी म्हणाली. "सगळं तुझ्याच नावाने सुरू होतं."

त्या दिवशीचे पोहे पीपलनेच केले.

एकदा तिने वाचून दाखवलं, की अमेरिकेत संसदेने पाठवलेलं विधेयक राष्ट्राध्यक्षाने दहा दिवसांत परत पाठवलं नाही, तर सही नसतानाही त्याचा कायदा होतो. रविवार धरायचा नाही. नवरा खुर्चीतून उठलाच.

"अरे, हे तर आमचंच कलम! मुदतीत शेरे आले नाहीत तर ड्रॉइंग मंजूर धरायचं. या एका वाक्यावर मी भल्याभल्यांना लोळवलंय!"

त्याने ते कलम स्वतःच्या हाताने आमच्या घटनेत घातलं. इथली सुट्टी शुक्रवारची, म्हणून रविवार खोडून शुक्रवार केला. माझ्यासकट सगळ्यांच्या सह्या झाल्या. आपण दार उघडं ठेवतोय हे त्या हुशार माणसाच्या लक्षात आलं नाही, असं मी तेव्हा धरून चालले.

दुसऱ्याच दिवशी मुलीने पहिलं विधेयक फ्रिजवर लावलं. बारावीनंतर ती पुण्यात कायदा शिकेल, एवढंच. नवऱ्याने ते वाचलं, लाल पेनाला हात लावला, "बघतो" म्हणाला आणि कामावर गेला.

त्याच आठवड्यात त्याच्या प्लांटचं शटडाऊन लागलं. शटडाऊन म्हणजे यंत्रं बंद आणि माणसं चालू. तो पहाटे जायचा, अंधार पडल्यावर धुळीने राखाडी होऊन यायचा, जेवायचा आणि आडवा व्हायचा. फ्रिजकडे बघायचाही नाही. मुलगी कॅलेंडरवर फुल्या मारत होती. तिचं जेवण कमी झालं. मला एकदा वाटलं त्याला आठवण करावी, एकदा वाटलं अजिबात करू नये.

"आई, तू बोलायचं नाहीस हं, प्लीज. पीपल आठवण करून देत नाहीत," ती म्हणाली. मी नाही बोलले. पण माझा जीव टांगणीला लागला होता. त्याने एक लाल शेरा मारला असता तर पोरगी पुन्हा तोंड उघडणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

मुदत संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती जेवायला बसताना म्हणाली, "बाबा, इट्स लॉ नाऊ."

"काय?" त्याने हातातला घास ठेवला. "अरे देवा. शटडाऊनच्या गडबडीत राहूनच गेलं!" कपाळावर हात मारला. मग एकदम सावध होऊन म्हणाला, "थांब. रेव्हिजन नंबर घातला होतास?"

मुलीचा चेहरा उतरला. तिने घातला नव्हता. मीही तो कागद रोज बघत होते, कालपर्यंत नंबराची जागा कोरी होती. ती उठली, फ्रिजपाशी गेली, आणि तिथेच थबकली.

"आहे," ती म्हणाली. "रेव्ह झीरो. घातलाय मी." आणि लहानपणी मारायची तशी उडी मारली.

"आहे? मग काय बोलणार," तो म्हणाला. "खलास."

पुढे कंपाउंडमध्ये तो सगळ्यांना सांगत सुटला, की स्वतःच्याच कलमात अडकलो, पोरीने पक्का मामा बनवला. सांगताना इतका खूश दिसायचा की लोकांना कळेना, सांत्वन करावं की अभिनंदन.

पण त्या संध्याकाळी दही काढायला मी फ्रिजपाशी गेले, तेव्हा कागद नीट पाहिला. शून्य निळ्या पेनाने काढलं होतं, मुलीच्या पेनाने, फ्रिजवर चिकटवलेलं असतं त्या. आणि त्या शून्यातून एक तिरपी रेघ गेली होती.

माझी मुलगी शून्यातून रेघ मारत नाही.

मी वळून बघितलं तर तो ताटात मान घालून बसला होता. या माणसाला साधं हो म्हणता आलं नव्हतं, म्हणून तो पहाटे दुसऱ्याचं पेन घेऊन फ्रिजपुढे उभा राहिला होता.

"भात वाढ ना," तो वर न बघता म्हणाला.

मी वाढला.