उलिगबाईंचा शेपटीवाला टाका

जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणींतली चांदी संपली, पण तिथल्या माणसांची खणायची खोड काही गेली नाही. रोझवीटा उलिग यांचे वडील डोंगरातून चांदी काढत. बाई जुन्या सोलर पॅनलांतून सिलिकॉन काढतात. काच सोडवायची, आतल्या खपल्या आम्लात धुवायच्या, एका प्रकारात दुसरा मिसळू द्यायचा नाही. बाईंची नजर इतकी करडी की यंत्रालाही ओशाळं वाटावं.

अशा काटेकोर बाईंनी एक पॅनल मात्र महिनाभर कपाटामागे दडवलं होतं. तरुणपणी याच कारखान्यात त्या नव्या पॅनलांचं सोल्डरिंग हाताने करत. त्यांच्या शेवटच्या टाक्याला बारीक शेपटी सुटायची आणि मुकादम त्यावरून रोज बोलायचा. सत्तावीस वर्षांनी या पॅनलावर ती शेपटी भंगारातून परत आली नि बाईंचा जीव तिच्यात अडकला. पॅनल दिव्याखाली धरलं की मीटरचा काटा अजून हलायचा.

नोव्हेंबरात घोडं अडलं. जुन्या सिलिकॉनचा नवा सेल नाताळच्या आत चालवून दाखवला नाही, तर विभाग बंद, नऊ माणसं घरी. आणि सिलिकॉन वितळवायची मूस भरायला, कपाटामागच्या पॅनलात होतं त्याच प्रकारचं अर्धा किलो कमी पडत होतं.

विभागप्रमुख टॉर्स्टन कपाटापाशी घुटमळला. "उलिगबाई, मागचं पॅनल मला पहिल्या दिवसापासून दिसतंय."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रोज त्याची धूळ पुसता. काय बोलणार?"

"अजून जिवंत आहे हो ते."

"माहीत आहे."

बाईंनी पॅनल कपाटामागून बाहेर काढलं. मग म्हणाल्या, "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मीच सोडवीन." त्या दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

नाताळाआधीची शेवटची पाळी तिथे खाणकामगारांच्या रीतीने लवकर सुटते. सगळे एका टेबलाशी सॉसेज-पाव खातात, पहिला घास सर्वांत वडील माणसाचा, म्हणजे बाईंचा. पण बाई घास घेईनात, आधी नवा सेल. टॉर्स्टनने सेलचा शेवटचा टाका त्यांच्यासाठी राखला होता. चष्मा सावरून त्यांनी तो मारला. दिवा लावला, तसा काटा हलला आणि थेट कोऱ्या सिलिकॉनच्या सेलसाठी केलेल्या खुणेपर्यंत गेला.

टॉर्स्टनने वाकून पाहिलं. "बाई, शेपटी सुटलीय."

"राहू द्या," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "तीस वर्षांनी कुणीतरी हा फोडायला घेईल. त्यालाही जरा जड जाऊ दे."