मालूची कवळी आणि लांब ई

बुधवार, १२ फेब्रुवारी २०२५. नळाचं पाणी उशिरा आलं. सकाळीच मालू आली, चहा नको म्हणाली. म्हणजे प्रकरण गंभीर.

मालू विचुंब्याची धवलारीण. आगरी लग्नांत विधींची गाणी म्हणण्याचा मान तिचा. कितीतरी वर्षं ती दातांशिवायच गात आली. यंदा मुलाने, धर्मराजने, आई व्हिडिओत शोभून दिसावी म्हणून कवळी करून दिली. आज दुपारी उलव्याला एका नवरीच्या हळदीचे विधी होते. काल तिथे मालूने दोन ओळी म्हणून दाखवल्या, तर नवरीची काकी म्हणाली, असंच गाणार असशील तर आम्ही डीजे लावू.

“बाय, माजा ई बसला गो,” मालू म्हणाली. “ताणला का ए होतंय. देव बोलावते का शेळी हाकते, कलत नाय.”

माझी नात ऋचा स्वरांवर संशोधन करते. तिच्या लॅपटॉपवर आवाजाचं चित्र उमटतं आणि प्रत्येक स्वराला दोन ठळक काळे पट्टे दिसतात. आ म्हटला की पट्टे जवळजवळ, ई म्हटला की एक तळाशी, दुसरा पार वर. गेल्या वर्षी रेकॉर्ड केलेला मालूचा आवाज तिच्याकडे होताच.

“मावशी, आधी आ म्हणा.”

मालूने डोळे मिटून जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढली.

“अहो, मी दातांची डॉक्टर नाही! जीभ आत.”

मग ई. वरचा पट्टा गेल्या वर्षीपेक्षा बराच खाली आला होता.

“टाळूला कवळीचं जाड प्लास्टिक आहे,” ऋचा म्हणाली. “जिभेला वर चढायला जागाच नाही. काढून म्हणा बरं.”

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आमच्याकडूनही आरशासमोर स्वर घोटून घेत, पण दात काढायला कधी सांगितलं नाही.

मालूने पदराआड कवळी काढली आणि असा ई लावला की शेजारची शोभा आपला कुकर बघायला धावली. पट्टा थेट जुन्या जागी.

आईला न्यायला आलेला धर्मराज वैतागला. “आये, व्हिडिओत तोंड कसं दिसंल?”

“लगीन पोरीचं हाय का व्हिडिओचं? माजं नको, नवरीचं तोंड काढ.”

संध्याकाळी तो एकटाच डबा घेऊन आला.

“डीजे?” मी विचारलं.

“कुठला डीजे! काकीच आयेच्या मागं गात होती.”

मग मी आजची शेवटची नोंद केली: उलव्याहून हळदीच्या जेवणातले वडे आले. रात्री भाकरी टाकली नाही.