चुकून दिलेली अक्षत

देवावर माझा विश्वास होता, पण देवाला माझ्याशी काही कर्तव्य आहे का, याची मला फार वर्षं शंका होती. विशीच्या आत कपाळ पांढरं झालं, सासरच्यांनी ट्रंकेसकट दादाच्या दारात आणून सोडलं, आणि तेव्हापासून कुठल्याही घरी मंगल कार्य निघालं की मी आपण होऊन चुलीपाशी जायची. कुणाला सांगावं लागत नसे. तोंडाची मी फटकळ, कुणाचं ऐकून घेणारी नव्हे, पण हळदीकुंकवाचं ताट पुढं आलं की माझी बोलती बंद. म्हणून सुमीच्या लग्नाची पहिली अक्षत देवाला द्यायला मीच जायचं आणि नवरीला मांडवात मीच आणायचं, असं दादानं जाहीर केलं तेव्हा मला आनंद वगैरे काही झाला नाही. धडकीच भरली. उद्या काही उणंअधिक झालं तर खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हे मला पक्कं ठाऊक होतं.

सुमी ही दादाची एकुलती एक लेक. ती रांगत असतानाच तिची आई गेली आणि तिला मी वाढवलं. मला ती आत्या म्हणे, पण ताप चढला की हाक 'आई' अशीच मारी. तिला मामा नाही, म्हणून तर नवरीला आणण्याचा मान माझ्याकडे आला. दादा शाळामास्तर, मुलांना टकळीवर सूत कातायला शिकवायचा. पवनारच्या अलीकडे धाम नदीच्या काठी एक गाव आहे, तिथं त्याची नुकतीच बदली झाली होती. गाव आम्हाला नवं, गावाला आम्ही नवे. स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती आणि दादाच्या अंगात खादी आणि साधेपणा भिनलेला. लग्नात बाजा नाही, नागपूरच्या झगमगीत पताका नाहीत, जे काही असेल ते घरच्या हातचं. लेक तर बापाच्या वरताण! होळी नुकतीच झाली होती, रानात पळस फुलला होता, पण बाईसाहेबांना भडक काही नको. तिनं स्वतः कातलेल्या सुताचं लुगडं विणून घेतलं आणि पळसाची फुलं उकळून, त्या पाण्यात भरपूर पाणी घालून, अगदी फिकट पिवळं रंगवलं. हारांसाठी सूत करडईच्या फुलांनी जेमतेम गुलाबी केलं. फुलं आणायची ती करंजीची, नाहीतर कडुनिंबाची, म्हणजे पांढुरकी, जांभळट, वास असणारी आणि रंग नसल्यासारखी. शेजारच्या गयाबाई म्हणाल्या, "हे काय वं पोरी, धुवून धुवून इटलेलं लगन!" सुमी हसून म्हणाली, "विटलेलं नाही काकू, अजून चढायचंय." अशी गोड पोर होती.

गयाबाई जुन्या शेतकरी घरच्या, गावातल्या प्रत्येक झाडादगडाची त्यांना माहिती. त्यांनी मला वाट सांगितली. "नदीच्या वाटेनं जाजो. करंजीच्या झाडाखाली मातामाय बसली हाये. तिच्या म्होरं अक्षत ठेवजो अन् लगनाले ये म्हणून सांगजो." मी न्हाऊन, वाटीत कुंकवात भिजवलेले तांदूळ घेऊन निघाले. उतारापाशी, म्हणजे नदीत गाड्या उतरतात तिथं, मला करंजी दिसली. खाली फुलांचा सडा पडला होता आणि त्यात एक काळा गोटा उभा होता. त्याच्याभोवती हिरव्या बांगड्यांचे पुष्कळ तुकडे होते. देवीच ती, बांगड्या वाहणारच लोक, असं मला वाटलं. मी अक्षत ठेवली, हात जोडले आणि घडाघडा बोलले, "सुमीचं लग्न आहे. पहिली अक्षत तुला. लग्नाला यायचं, नवरीपाशीच बसायचं, आणि अक्षता पडेपर्यंत तिला सोडून कुठं हलायचं नाही." बोलता बोलता एकदम वारा थांबला आणि नदीचा आवाजही ऐकू येईना. माझे कान बसले असतील असं म्हणून मी घरी आले.

घरी गयाबाईंनी विचारलं, "शेंदूर ताजा होता काय मायचा?" मी म्हटलं, शेंदूर कुठला, बांगड्या होत्या. त्यांच्या हातातलं सूप खाली पडलं. "अवो माय! त्या उतारावरच्या करंजीखाली गेलती काय तू? माय तर वरच्या करंजीखाली हाये. थो तर नवरीचा गोटा!" मग त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या आजीच्या वेळेला एक नवरी लग्नाला निघाली होती. उतारावर गाडीसकट पुरात गेली, तिच्या अंगाला हळद लागलेली, लग्न काही लागलं नाही. तेव्हापासून कुठलंही वऱ्हाड तिथं आलं की बांगड्या टाकतं आणि मुकाट्यानं पुढं जातं. "तिच्यापाशी लगनाचं नाव काढत नाई कोनी. वाट पाहून राह्यली ना ते अजून! अन् तू तिले घरी बोलावून आली, पोरीपाशी बसजो म्हणली!" मी म्हटलं, "आत्ता जाते आणि परत घेऊन येते अक्षत." गयाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "देल्लेली अक्षत परत घेतेत काय वं बाई?"

दादा हसला. म्हणाला, दगडाला काय कळतंय. मी म्हटलं, "मग मातामायच्या दगडाकडे मला कशाला पाठवलंस?" मी तशीच नदीवर गेले, भांडायच्या तयारीनंच गेले. गोट्यापुढं तांदळाचा एक दाणा नव्हता. पाखरांनी टिपले असतील, दुसरं काय होणार. पण 'येऊ नकोस' हे शब्द काही केल्या माझ्या तोंडून फुटेनात. इतकंच म्हणाले, "आलीस तर पोटभर जेव, बाई, पण माझी पोर मला राहू दे." तिथून मातामायकडे गेले, तिलाही अक्षत दिली आणि तिच्यापुढं ढसाढसा रडले. तिच्याकडे काय मागावं तेच मला सुचेना. आता तू आहेस आणि ती आहे, मला काही कळत नाही, एवढं बोलून परतले.

पुढचे दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव पडला, दुपारी गावातल्या बायका फुलं ओवायला येऊ लागल्या. त्या उठून गेल्यावर मी हार आत नेऊन ठेवायची. त्यात एक हार वेगळा असे. बाकीची फुलं उन्हानं मान टाकलेली, त्याची मात्र टवटवीत, आत्ताच पाण्यातून काढल्यासारखी ओली. दादानं त्याचं सूत बोटांत धरून उलगडलं आणि विचारलं, "हे कुणी कातलं? याचा पीळ उलटा आहे." आमच्या घरातल्या सगळ्या सुताचा पीळ एकाच बाजूचा, त्यानंच शिकवलेला. मग तो म्हणाला, असेल कुणी डावखुरी. पण तो हार त्यानं हळूच खाली ठेवला आणि धोतराला हात पुसले. त्याच संध्याकाळी सुमी मला म्हणाली, "आत्या, ती माझ्या शेजारी बसते ती कोण गं? हात काय सुरेख चालतो तिचा! मी विचारलं, तुझं लग्न झालं का, तर नुसती मान हलवली." मला एकच दिसत होतं. ती येणार, सुमीच्या जागी उभी राहणार, आणि माझी पोर तिच्या जागी जाणार. सुमीला मी क्षणभर नजरेआड करीना, तर ती वैतागून म्हणाली, "आत्या, मला न्हाऊ तरी दे की एकटीला!"

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. नवरदेव आर्वीकडचा, वऱ्हाड बैलगाड्यांनी येणार होतं. ऊन उतरलं तरी पत्ता नाही. शेवटी गाड्या आल्या त्या भलत्याच बाजूनं, वरच्या वाटेनं. नवरदेवाचे मामा उतरताच दादाला म्हणाले, "मास्तर, तुमची व्यवस्था लय भारी जी! उतारावर पोरगी उभी केली. आमची म्होरली गाडी उतरून राह्यली होती, तर थे आडवीच उभी. बोलत नाई, हटत नाई, नुसता हात वर, त्या वाटेनं जा म्हणून. बैल तर पाऊल टाकाले तयार नाई. मंग फिरलो. वळून पाह्यतो तं दरडच ढासळली ना जी तिथची! गाडी तिथं असती तं नवरदेव गेलता आमचा." लोक अरे अरे करू लागले. कुणी विचारलं, कोणाची पोरगी? मामा म्हणाले, "मले काय मालूम? फिक्कं पिवळं लुगडं, कपाळाले करंजीच्या फुलाच्या मुंडावळ्या. नवरीच वाटत होती जी!" आणि सगळे हसले. देवानं वाचवलं म्हणून दादानं हात जोडले. मी खांबाला धरून उभी होते. तिनं नवरदेवाला वाचवलं हे खरंच होतं, पण वाचवलं ते कुणासाठी? सुमीसाठी, की स्वतःसाठी?

मी आतल्या खोलीकडे धावले. सुमी तिथं गौरीहरापुढं बसली होती, लग्न लागेपर्यंत नवरीनं गौरीवर चिमूट चिमूट तांदूळ वाहत बसायचं असतं. दार लोटलं आणि मी उंबऱ्यातच थिजले. समईच्या उजेडात दोन पाठमोऱ्या नवऱ्या शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींच्या अंगावर तेच फिकट पिवळं लुगडं, जे जगात एकच होतं, जे आमच्याच अंगणात वाळलं होतं. दोघींचे खांदे तसेच, मान तशीच. दोघींचा उजवा हात एकदमच उचलायचा, एकदमच तांदूळ सोडायचा. मी हाक मारली, "सुमे!" दोघीही थांबल्या. वळली एकही नाही. मीच न्हाऊ-माखू घातलेली, मीच वेण्या घातलेली माझी पोर, आणि मला ती ओळखू येईना! बाहेरून भटजींचा आवाज आला, नवरी आणा, वेळ झाली. ओरडावं तर लग्न मोडतं, वऱ्हाड आल्या पावली परत जातं. हात धरावा तर कुणाचा? चुकीचा धरला तर?

माझ्या तोंडून 'माय' एवढंच निघालं. हाक वरच्या करंजीखालच्या देवीला होती की आणखी कुणाला, मला सांगता येणार नाही. पण त्या क्षणी मला त्या दोन पाठींपैकी एकीची भीती वाटायची एकदम थांबली. मांडव दारात घातलेला, अक्षता वाटलेल्या, आणि आपण मात्र आतच बसायचं, आपल्याला कुणी 'ये' म्हणायचं नाही, हे काय असतं ते त्या गावात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी तर आयुष्यभर तेच केलं होतं. मी आत गेले, दोघींच्या मध्ये उभी राहिले आणि दोन्ही हात पुढं केले. म्हटलं, "चला गं पोरींनो. दोघीही चला." माझ्या उजव्या हातात घामेजलेला, गरम हात आला. डाव्या हातात आला तो गार होता, रांजणात बुडवून काढल्यासारखा गार, पण धरलं मात्र त्यानं घट्ट.

तशीच मी मांडवात आले. लोकांना काय दिसलं ते मला माहीत नाही. त्यांना सुमी दिसली एवढं नक्की. विधवा बाई नवरीला घेऊन येतेय आणि एक हात उगीच लांब धरून चालतेय, याची कुजबूज झाली असेल. गयाबाईंनी मात्र माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं, पदर सावरला, आणि एक माणूस उभं राहील एवढी जागा करून बाजूला सरकल्या. अंतरपाट धरला. मंगलाष्टकं सुरू झाली. मी मांडवाच्या मधोमध उभी होते आणि मला कुणी मागं हो म्हटलं नाही. अक्षता पडू लागल्या, माझ्या डाव्या बाजूलाही पडू लागल्या. शेवटचं 'सावधान' झालं, अंतरपाट दूर झाला, सुमीनं उलट्या पिळाच्या सुताचा तोच ओला हार नवऱ्याच्या गळ्यात घातला. तेव्हा मी डावीकडे न बघता हळूच म्हटलं, "झालं गं बाई, लागलं लग्न." हातातला हात मऊ पडला, एकदा दाबला गेला, आणि मग हातात काही नव्हतं. करंजीच्या फुलांचा वास तेवढा आला, तोही मांडवभर होताच.

हा चमत्कार होता की भेदरलेल्या बाईचा भास, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. नवरदेव सुखरूप आला, सुमी सुखात नांदते आहे, मला एवढं पुरे. मी देवीला बोलवायला गेले होते. कुणाला धाडायचं ते तिनं ठरवलं. मी आपली उगीच चूक झाली, चूक झाली म्हणून ऊर बडवत बसले होते. तिच्यावर सोडल्यावर जे झालं ते मला सात जन्मांत जमवता आलं नसतं. तिचे उपकार मी कसे फेडू? रोज दिवा लावताना हात आपोआप जुळतात, आणि आता माझ्या मनात कसली शंका म्हणून येत नाही.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाड्या निघाल्या, तेव्हा मी इतकी रडले की उभं राहवेना. नवरदेवाची गाडी वळणाआड गेली तरी माझे हुंदके थांबेनात. दादानं मला सावरलं, त्याचेही डोळे ओले होतेच. म्हणाला, "अगं, पुरे कर आता. एकच तर लेक सासरी चालली आहे, तीही आर्वीला."

मी पदरानं तोंड पुसलं. "एक नाही रे, दादा," मी म्हटलं, "दोन गेल्या."